घर फिरता

चैत्र संपत आला होता आणि आमच्याकडे देवगडला आंबा उतरवायची घाई चालली होती. पहाटे साडेपाचला काकीने अंथरुणातच कूस बदलली आणि दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरून ओरडली, "गे, घर फिरता!" आम्ही धावत गेलो तर डोळे मिटलेले, कपाळावर घाम. वासे गरगरताहेत, भिंत अंगावर येतेय, असं ती सांगत होती. मिनिटभरात सगळं थांबलं. ती उठून बसू लागली आणि पुन्हा तेच. या वेळी उलटीही झाली.

मग घरात जे होतं ते झालं. एक म्हणाली पित्त, रात्री जागरण झालंय. दुसऱ्याने बीपी म्हटलं. कुणीतरी कोकमाच्या आगळात साखर घालून पाणी दिलं. दवाखान्यात सलाईन लागलं, इंजेक्शन झालं, संध्याकाळी बरं वाटलं. दुसऱ्या पहाटे घर पुन्हा फिरलं. आठवड्याने मानेचा एक्स-रे निघाला, मणके झिजल्याचं निदान झालं आणि गळ्याला पट्टा आला. साठी ओलांडलेल्या कोणत्याही माणसाच्या मानेचा एक्स-रे काढा, मणके झिजलेले दिसणारच. त्यावरून चक्कर मानेतून आली असं ठरत नाही. काकी तीन आठवडे भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली. विहिरीवर जाणं बंद, चुलीपुढे वाकणं बंद, खळ्यात उतरणंही बंद.

शेवटी कणकवलीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोनच प्रश्न आधी विचारले. एकदा सुरू झालं की किती वेळ टिकतं? आणि काय केल्यावर येतं? काकी म्हणाली, मिनिटभर. कुशीवर वळल्यावर, आडवं होताना आणि वरच्या फळीवरचा डबा काढताना. डॉक्टरांनी तिला टेबलावर झटकन आडवं केलं, मान एका बाजूला वळवून थोडी खाली लोंबती ठेवली आणि तिचे डोळे पाहत राहिले. पुढे दहा मिनिटांत उपचारही झाला. त्या रात्री ती आडवी झोपली. हे प्रकरण त्या दोन प्रश्नांसाठी लिहिलं आहे.

आपल्या भाषेत या अनुभवाला शब्दांची कमतरता नाही. चक्कर, भोवळ, घेरी, गरगरणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोल जाणं, झोक जाणं. ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गरगरणं म्हणजे जग फिरतंय किंवा आपण फिरतोय. अंधारी म्हणजे रक्त डोक्यापर्यंत नीट पोचत नाही, आता पडणार. झोक जातो तेव्हा डोकं शांत असतं, पाय ऐकत नाहीत. योग्य शब्द सापडला की निदान झालंच, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं, आणि डॉक्टरांनाही पूर्वी तसंच शिकवलं जाई. पण त्याच रुग्णाला दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं तर तो शब्द बदलतो, असं तपासून पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं. माणूस घाबरलेला असतो, जिभेवर येईल ते सांगतो. किती वेळ टिकलं आणि कशाने सुरू झालं, यांची उत्तरं मात्र तो सहसा बदलत नाही. म्हणून शब्द सांगा, पण घड्याळ आधी पाहा.

मिनिटभर टिकणाऱ्या चकरेमागे काय असतं, हे समजायला चिऱ्याचं घर बांधणारा गवंडी आठवावा. त्याच्याकडे दोन हत्यारं हवीतच: ओळंबा आणि पाणसळ. खाली कुठे, हे ओळंबा सांगतो. पाणसळीतला बुडबुडा कललेलं दाखवतो. आपल्या प्रत्येक कानाच्या आत, ऐकण्याच्या शंखाला लागून, असाच एक संच आहे. ओळंब्याचं काम करणाऱ्या दोन पिशव्यांत एका चिकट थरावर अतिसूक्ष्म खडे बसलेले असतात. ते कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या ज्या पदार्थाच्या त्याच पदार्थाचे. डोकं कललं की खडे वजनाने सरकू पाहतात आणि मेंदूला खाली कुठे ते कळतं. शेजारी तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, एकमेकींशी काटकोनात, द्रवाने भरलेल्या. डोकं वळलं की हा द्रव किंचित मागे राहतो, त्यावरून डोकं कुठे आणि किती वेगाने वळलं ते समजतं.

वय वाढतं, डोक्याला मार बसतो, कधी काहीच कारण नसतं, आणि ओळंब्याचे काही खडे सुटून नळीत शिरतात, बहुधा मागच्या नळीत, कारण ती सर्वांत खालच्या अंगाला आहे. मग कूस बदलली की खडे घरंगळतात आणि द्रवाला ढकलतात. डोकं थांबलं तरी द्रव हलतोच आहे. मेंदूला निरोप जातो की आपण फिरतोय, आणि डोळे त्या खोट्या फिरण्याचा पाठलाग करत झटक्याझटक्याने उडू लागतात. खडे तळाशी बसले की मिनिटाच्या आत सगळं शांत. पन्नाशीनंतर, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये, हे जास्त दिसतं. हाडं ठिसूळ असणं आणि ड जीवनसत्त्व कमी असणं यांच्याशीही त्याचं नातं सापडलं आहे. म्हणून वारंवार होत असेल तर रक्तातलं ड तपासून घेण्यात अर्थ आहे.

कानाच्या या कारभाराचा माग व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांना लागला तो कान धुताना. थंड पाण्याने कान धुतला की रुग्णाला गरगरायचं आणि डोळे एका दिशेने उडायचे. पाणी जास्त गरम असेल तर उलट्या दिशेने. बारानी यांनी ओळखलं की नळीतला द्रव थंड झाला तर खाली जातो, तापला तर वर चढतो, आणि डोळे त्याची साक्ष देतात. 1914 चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियनांच्या कैदेत होते. स्वीडनच्या मध्यस्थीने 1916 मध्ये सुटले. डोकं विशिष्ट स्थितीत गेलं की येणाऱ्या चकरेचं वर्णन त्यांनी 1921 मध्ये लिहिलं. 1952 मध्ये डिक्स आणि हॉलपाईक यांनी तिची तपासणी पक्की केली. काकीला टेबलावर आडवं केलं ती हीच. उपचार मात्र अमेरिकेतल्या ओरेगनचे जॉन एप्ली यांचा. खडे नळीत आहेत ना, मग डोकं पायरीपायरीने वळवून ते पुन्हा पिशवीत ओतायचे, इतकी साधी कल्पना. ती इतकी साधी होती की अनेक डॉक्टरांना वर्षानुवर्षं पटली नाही. एप्लींचा निबंध 1992 मध्ये छापून आला. आज जगभर हाच पहिला उपचार मानतात आणि बहुसंख्य रुग्ण एक-दोन खेपांत बरे होतात. गोळीने नळीतला खडा हलत नाही, हे मनाशी पक्कं धरावं.

उजवा कान दोषी असेल तर ते असं करतात. रुग्ण पाय लांब करून पलंगावर बसतो, पाठीमागे खांद्यांखाली येईल अशी उशी. मान 45 अंश उजवीकडे वळवून झटकन उताणं व्हायचं. डोकं उशीपलीकडे थोडं खाली. चक्कर येईल, येऊ द्यायची. थांबल्यावरही अर्धा मिनिट तसंच पडायचं. मग डोकं न उचलता तितकंच डावीकडे. पुन्हा थांबायचं. मग सगळं अंग डाव्या कुशीवर घ्यायचं, नाक जमिनीकडे. पुन्हा थांबायचं आणि हनुवटी खाली ठेवून त्याच बाजूने हळू उठून बसायचं. डावा कान असेल तर सगळं उलट. पहिल्या खेपेला हे डॉक्टरांकडूनच करून घ्या. कोणता कान, कोणती नळी हे डोळ्यांची उडी पाहूनच ठरतं. मानेचं ऑपरेशन झालेल्यांनी, मानेच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असणाऱ्यांनी आणि डोळ्याचा पडदा सरकलेल्यांनी घरी प्रयोग करू नयेत. बसून झोपायची गरज नंतर राहत नाही.

आता घड्याळाचे पुढचे काटे. वीस मिनिटांपासून काही तास टिकणारं गरगरणं, त्याआधी एका कानात दडा आणि गुणगुण, ऐकू कमी येणं, हा मेनिएरचा आजार असू शकतो. प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरने 1861 मध्ये प्रथम सांगितलं की अशा चकरेचं मूळ मेंदूत नसून कानात असतं. यात मीठ कमी करायला सांगतात. सुकी मासळी, पापड, खारातल्या कैऱ्या असलेल्या आमच्या जेवणात ते सोपं नाही, पण करून पाहण्यासारखं आहे. ज्यांना तरुणपणी अर्धशिशी होती त्यांना उतारवयात डोकं न दुखताही चक्कर येते; ती पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही राहते, आणि उजेड, आवाज नकोसा होतो. दिवसेंदिवस न थांबता गरगरतं, डोकं हलवलं की वाढतं, पण ऐकू नीट येतं, तेव्हा बहुधा सर्दीतापानंतर कानाची तोलाची नस सुजलेली असते. बहुधा हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण मेंदूतला पक्षाघातही असाच वेष घेऊन येतो. त्याच्याकडे वळण्याआधी देवगडच्या रोजच्या जगण्यातल्या काही चकरा सांगायला हव्यात.

एप्रिल-मेच्या उन्हात कलमावर चढून घळीने आंबा काढणारा माणूस सकाळपासून नीट पाणी प्यायलेला नसतो. तो खाली उतरून वाकतो, उठतो आणि अंधारी येते. हे कानाचं नाही, रक्तदाबाचं आहे. बीपीच्या गोळ्या, त्यातही लघवी वाढवणाऱ्या, चालू असतील तर अधिकच. कुणकेश्वरला महाशिवरात्रीच्या रांगेत तासन्‌तास उभ्या राहिलेल्या माणसाला भोवळ येते तीही याच जातीची. त्याला उभं धरून ठेवू नका. आडवं करा, पाय उचलून धरा, वारा येऊ द्या. चप्पल नि कांदा हुंगवण्यात जाणारा वेळ वाचेल. मधुमेहाची गोळी घेऊन एकादशी करणाऱ्याला घाम सुटून थरथर आली आणि तो शुद्धीवर असेल तर लगेच साखर द्या.

बागेतल्या फवारणीनंतर येणारी चक्कर मात्र कधीही हलकी धरू नये. मोहरापासून फळापर्यंत कलमांवर औषध मारलं जातं. फवारणाऱ्याचं अंग भिजतं, तोंडाला फडकं बांधलेलं असतं, बस. तासा-दोन तासांत डोकं गरगरतं, तोंडाला लाळ सुटते, घाम, उलटी, पोटात कळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, स्नायू उडायला लागतात. ही कीटकनाशकाची विषबाधा. कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. बाटलीवरचं नाव डॉक्टरांना उतारा ठरवायला लागतं. बागा राखायला, फवारायला नेपाळपासून माणसं येतात. त्यांच्या चकरेची दखल घ्यायला घरचं माणूस जवळ नसतं; ते काम बागायतदाराचं आहे.

समुद्राची चक्कर वेगळी. मुंबईची बोट देवगडला लागायची, पडावातून उतारू खाली यायचे, त्या दिवसांपासून आपल्याकडे 'बोट लागणं' हा शब्द आहे. पुढे फोंडा घाटातल्या वळणांनी त्याला 'गाडी लागणं' हे भावंड दिलं. आत केबिनमध्ये डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, कान म्हणतो आपण वरखाली होतोय, आणि मेंदू या भांडणात उलटी करवतो. उपाय म्हणजे डोळ्यांनाही हालचाल दाखवायची: डेकवर या, क्षितिजाकडे पाहा, गाडीत पुढे बसा, मोबाइल ठेवून द्या. खलाशाच्या मेंदूला हे रोज पाहून सवय होते, इतकी की काहींना बंदरावर उतरल्यावर जमीनच डुलते. ते सहसा काही तासांत, फार तर दिवस-दोन दिवसांत जातं. आठवडे राहिलं तर दाखवावं.

आता पक्षाघात. मेंदूच्या मागच्या भागाला, लहान मेंदू आणि मेंदूच्या देठाला, रक्त पुरवणारी वाहिनी अडली तर कधी हातपाय लुळे पडत नाहीत, तोंड वाकडं होत नाही. फक्त गरगरतं, उलटी होते, तोल जातो. घरचे पित्त म्हणतात. 'पित्त' आपल्या डोक्यात इतकं पक्कं का, हेही समजण्यासारखं आहे. माधवनिदानासारख्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत भ्रमाचं नातं वात-पित्ताशी जोडलेलं आहे, आणि चकरेत उलटी होतेच. पण इथे उलटी पोटातून सुरू होत नाही. तोलाच्या नसेचा मेंदूतल्या उलटीच्या केंद्राशी थेट संबंध आहे. आगळ पिऊन वाट पाहण्यात जाणारा वेळ हाच इथे सर्वांत महाग.

अचानक सुरू झालेली, न थांबणारी चक्कर आणि तिच्यासोबत पुढचं एक जरी दिसलं तर थांबू नका. एकाचे दोन दिसणं. बोलणं जड होणं, पाणी गिळताना ठसका. चेहरा किंवा अंगाची एक बाजू बधिर. पूर्वी कधी नव्हतं असं डोकं किंवा मान दुखणं. छातीत दुखणं, धडधड, शुद्ध हरपणं. डोक्याला मार लागल्यानंतरची चक्कर. आणि एक खूण मी सर्वांत वर ठेवीन, कारण ती घरच्या माणसाला पाहता येते: रुग्ण खाटेच्या कडेला आधाराशिवाय बसूही शकत नाही, उभं केलं की कलंडतो. कानाच्या आजारात माणूस झोकांड्या खात का होईना, भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जातो. बीपी, मधुमेह, तंबाखू किंवा अनियमित ठोके यांपैकी काही असलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच अशी चक्कर आली, तर इतर खुणा नसल्या तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

गाठ विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच उपयोगी पडतं. देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात पहिली तपासणी होईल, पण कणकवली पन्नासेक किलोमीटर, ओरोसचं जिल्हा रुग्णालय त्याहून पुढे, गोव्याचं बांबोळी तर आणखी लांब. सड्यावरच्या एखाद्या वाडीतून मुख्य रस्त्याला लागेपर्यंतच अर्धा तास जातो. म्हणून 108 ला आधी फोन करा आणि नातेवाइकांना मग. त्रास किती वाजता सुरू झाला, किंवा माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता, ते कागदावर लिहून सोबत द्या. इंजेक्शन द्यायचं की नाही ते त्या वेळेवर ठरतं. तोंडाने पाणी, गोळी, ॲस्पिरिनही देऊ नका, गिळणं बिघडलेलं असू शकतं आणि रक्तस्राव आहे की अडथळा हे अजून माहीत नाही. आणि साधा सीटी स्कॅन 'नॉर्मल' आला म्हणून निश्चिंत होऊ नका. मेंदूच्या मागच्या भागातला ताजा अडथळा सीटीवर बहुतेकदा दिसत नाही. बसता येत नसेल तर तसं पुन्हा पुन्हा सांगा, नम्रपणे पण ठामपणे.

तास-मिनिटांची घाई नसलेल्या, पण आठवडाभर टाळण्यासारख्याही नसलेल्या दोन गोष्टी आहेत. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर एक-दोन दिवसांतच कानाच्या डॉक्टरांकडे जा; उशिरा गेलेल्या कानात ऐकू परत येण्याची आशा कमी होत जाते. आणि जुना वाहता कान असताना चक्कर सुरू झाली तर रोग आतल्या कानापर्यंत पोचला असू शकतो. त्या कानात कोमट तेल घालू नका.

धोका नाही असं ठरल्यानंतरचे दिवसही कठीण असतात, आणि इथेच माणसं सर्वांत एकटी पडतात, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. उलटी थांबवणारी गोळी पहिले दोन-तीन दिवस घ्यावी. चकरेच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवू नयेत. तोल शिकणाऱ्या मेंदूला त्या सुस्त करतात, आणि सिनारिझिनसारखी गोळी वर्षानुवर्षं घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांना हात थरथरण्याचा, चाल मंदावण्याचा त्रास होऊ शकतो. आपल्या घरातल्या आजी-आजोबांच्या डब्यात अशी गोळी कधीपासून आहे, ते एकदा डॉक्टरांना दाखवा. नस सुजलेल्या रुग्णाने तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हालचाल सुरू करावी. एका बिंदूकडे पाहत मान हळू डावी-उजवीकडे, मग वर-खाली, मग उभं राहून, मग चालताना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोक्याला मार लागलेल्यांसाठी असे व्यायाम बसवले. आजचे व्यायाम त्यांतूनच वाढले. थोडं गरगरलं पाहिजे, त्याशिवाय मेंदू शिकत नाही. कुणाला तरी सोबत घेऊन संध्याकाळी देवगडच्या किनाऱ्यावर ओल्या, घट्ट वाळूवरून चाला, मान वळवत कधी पवनचक्क्यांकडे, कधी पाण्याकडे बघा.

तोवर कलमावर चढणं, शिडी, विहिरीच्या काठावरून रहाट ओढणं, एकट्याने होडी काढणं, घाटात दुचाकी, हे सगळं बंद. रात्री उठताना आधी मिनिटभर खाटेवर बसा, दिवा लावा, मग पाय टेका. उंबऱ्याजवळ आणि न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्या. चकरेने माणूस दगावला असं क्वचित ऐकाल. चकरेने पडून खुब्याचं हाड मोडलेली माणसं प्रत्येक वाडीत सापडतील.

सुटलेले खडे परत सुटू शकतात; पुष्कळांना काही वर्षांत पुन्हा त्रास होतो. काकीला दोन वर्षांनी आषाढात झाला. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेले. या खेपेला ती ओरडली नाही. खाटेची कड धरून मोठ्याने आकडे मोजू लागली, आम्ही बॅटरी घेऊन पोचलो तेव्हा पस्तीसवर होती. चाळीसला थांबलं. मी तिला बोट नाकाला लावायला सांगितलं, लागलं. बसायला सांगितलं, बसली. उजेड झाल्यावर डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं. गाडीत पुढच्या सीटवर बसताना ती म्हणाली, "ह्या टायमाक डाव्या कुशीर वळल्यार इली, उजव्या न्हय. डॉक्टरांक पयला ताच सांगतंय."